बॉटल पाम साडेतीनशेला की सोळा हजाराला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आचऱ्याच्या अलीकडे ८ गुंठ्यांत घर बांधून झालंय, समुद्र ४०० मीटरवर. जागेचा पुढचा भाग रेताड, मागे कातळ. फाटकापासून ओटीपर्यंत ६० फुटांचा रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बॉटल पामची रांग हवी आहे. तीन नर्सऱ्यांत विचारलंत, तर एकाने नगाला ३५० सांगितले, दुसऱ्याने २,२०० आणि तिसऱ्याने १६,०००. तुम्ही मुंबईत असता, महिन्यातून एकदा येणं होतं. शेवटी विचारलंय, या तिघांतला फसवणारा कोण?

बहुधा कोणीच नाही. मी बावीस वर्षं सिंधुदुर्गात रोपं वाढवतो, विकतो आणि लावूनही देतो. त्या अनुभवावरून सांगतो, तिघांनी तुम्हाला तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगितले आहेत, नाव मात्र एकच घेतलंय. त्यामुळे भाव बाजूला ठेवून आधी वस्तू ओळखू. आणि खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात पैशापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे, ‘महिन्यातून एकदा’. तिच्याकडे नंतर येतो.

आपल्याकडे दहातले आठ लोक ज्याला बॉटल पाम म्हणतात तो असतो रॉयल पाम. सिमेंटच्या खांबासारखं करडं, गुळगुळीत खोड, त्यावर हिरवागार चकचकीत गळा, आणि त्यावर पानांचा झुबका. जुन्या सरकारी बंगल्यांसमोर, कॉलेजच्या रस्त्यांवर असतो तोच. मूळचा क्युबा-फ्लोरिडाकडचा, वाढून पन्नास-साठ फुटांच्या पुढे जातो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. तो बुटका, बुडाशी घागरीसारखा फुगलेला, डोक्यावर जेमतेम चार-सहा पानं. दहा-बारा फुटांपलीकडे फारसा जात नाही आणि वाढतो अगदी रमतगमत. त्याचाच एक भाऊ आहे, त्याचं पोट मधोमध सुटतं. त्याला कोणी स्पिंडल म्हणतं, कोणी शॅम्पेन. नर्सरीतल्या पाटीवर या तिघांपैकी कोणाचंही नाव कोणालाही लागलेलं मी पाहिलंय. म्हणून पहिलं काम, तिन्ही नर्सऱ्यांकडून रोपाचा बुडापासून शेंड्यापर्यंतचा फोटो मागवा, शेजारी माणूस उभा करून.

नावांचा घोळ इथेच संपत नाही. अरेका पाम मागितला की ऐंशी टक्के ठिकाणी मादागास्करची ती पिवळसर देठांची झुबकेदार कुंडीतली जात मिळते, आणि एखाद्या गावच्या नर्सरीत चक्क आपली सुपारीची पोफळ हातात ठेवतात, कारण शास्त्रीय नावात अरेका पोफळच आहे. दोघांचा भाव वेगळा, स्वभाव वेगळा. ट्रॅव्हलर पाम आणि सायकस हे तर पाम नाहीतच, पण तो वाद घालून नर्सरीवाल्याशी भांडण नको.

आता समजा तिघांनीही रॉयल पामच सांगितला. तरी ३५० आणि १६,००० हे दोन्ही भाव रास्त असू शकतात. कारण समजायला पाम वाढतो कसा ते बघावं लागेल.

आंबा-फणसाचं खोड दरवर्षी जाड होत जातं. पामचं तसं नाही. साल सोलली की आत नवा थर धरणारी जी पेशींची पट्टी आंब्याला असते, ती पामला नसतेच. त्यामुळे पाम आधी जमिनीलगत बसून खोडाची पूर्ण रुंदी तयार करतो आणि मगच वर निघतो. रॉयल पामच्या रोपाला या बैठकीत सहज तीन-चार वर्षं जातात. तोवर बघणाऱ्याला वाटतं, झाड वाढतच नाहीये, नुसती पानं येतायत. एकदा खोड दिसायला लागलं की मात्र तो झपाट्याने उंच होतो. तुम्हाला ३५०ला मिळणारं रोप दीड-दोन वर्षांचं, पिशवीतलं, खोड न धरलेलं असणार. २,२००चं नुकतंच बूड धरलेलं, मोठ्या पिशवीतलं. आणि १६,०००चं म्हणजे जमिनीत वाढवून सहा-आठ फूट खोड झालेलं, क्रेनने उचलायचं झाड. मधली सगळी वर्षं कोणीतरी त्याला पाणी घातलंय, पिशव्या बदलल्यात, जागा अडवून ठेवलीय, आणि बरोबरची मेली त्यांचा खर्चही यावरच चढवलाय. तुम्ही पैसे मोजता ते त्या गेलेल्या वर्षांचे. ते झाड तुमच्याकडे जगेल की नाही याच्याशी त्या रकमेचा काही संबंध नसतो. उलट मोठं, उपटलेलं झाडच जास्त दगावतं.

जातींच्या भावातही हेच तत्त्व आहे, फक्त कारणं बदलतात. पामचं बी साठवून ठेवता येत नाही, सुकलं की बहुतेक जातींचं मरतं. म्हणून ज्याची आईझाडं जवळपास भरपूर, त्याचं रोप स्वस्त. फॉक्सटेलचं उदाहरण बघा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिलमध्ये रानात सापडलेला हा पाम, १९८३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. पुढे त्याच्या बियांची चोरटी तोड व्हावी इतका त्याला भाव होता. आज तीच झाडं गावोगावच्या रिसॉर्टांत फळांनी लगडतात आणि रोप कोणालाही परवडतं. झाड तेच, बी मुबलक झालं एवढंच. याउलट लिपस्टिक पाम, लाल देठांचा. तो मलाया-सुमात्राच्या दलदलीतला, बी रुजायला महिनोन्‌महिने घेतो आणि वाढतो मुंगीच्या पावलाने, त्यामुळे तो महागच राहणार. लेडी पाम बहुतेक फुटवे वेगळे करून वाढवतात, एका झुबक्यातून वर्षाला किती निघणार? निळसर-चंदेरी बिस्मार्क पामचं मूळ दुखावलं की तो रुसतो, म्हणून कसबी माणसाने वाढवलेलाच घ्यावा लागतो. अरबी खजुराचे चांगले वाण बियांपासून तसेच येत नाहीत. पिलं किंवा टिश्यू कल्चर लागतं, आणि आपल्या पावसात त्याचं फळ पिकण्याआधीच सडतं. कच्छहून आणलेल्या खजुराच्या झाडांच्या रांगा काही हॉटेलांपुढे दिसतात. शोभेला ठीक, खजूर खायची आशा सोडा.

माडाच्या रोपांतही असाच फरक आहे. बाणवली म्हणजे आपला नेहमीचा उंच माड. त्याचं रोप स्वस्त, कारण बियाण्याचा नारळ झाडावरून उतरवला की पुरला. टी बाय डी, म्हणजे उंच माडावर ठेंगू माडाचा पराग घालून केलेलं संकरित, महाग. त्यासाठी बाणवलीच्या पोयीतली, म्हणजे फुलोऱ्यातली, नरफुलं उमलायच्या आत हाताने खुडावी लागतात, पोय पिशवीत बांधावी लागते आणि मादीफुलं तयार झाली की ठेंगू जातीचा पराग वर चढून रोज टाकावा लागतो. माडावर माणूस एकदा चढवायला आज किती पैसे पडतात ते तुम्हाला गावात कोणीही सांगेल. भाट्ये आणि दापोलीला कृषी विद्यापीठाच्या केंद्रांत ही रोपं मिळतात, मागणी आधी नोंदवावी लागते.

भाव विचारताना आणखी एक गोष्ट पक्की करा: उंची कुठून कुठपर्यंत मोजली? हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. धंद्यात नवा होतो, एका बंगल्याचं काम मिळालं होतं. फोनवर ‘बारा फुटी रॉयल पाम’ ठरवले, अर्धे पैसे पाठवले. ट्रक आला, ताडपत्री काढली, तर झाडं बारा फुटीच होती, पण पानाच्या टोकापर्यंत. खोड गुडघ्याच्या जरा वर. समोरच्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. मालकाला तोंड दाखवताना घाम फुटला. तेव्हापासून मी एकच विचारतो, ‘नुसतं खोड किती फूट?’ नर्सरीवाले त्याला क्लिअर ट्रंक म्हणतात. जमिनीपासून हिरवा गळा सुरू होतो तिथपर्यंत, त्यावरचं काहीही त्यात धरायचं नाही.

दुसरं, १६,००० हा भाव जागेवरचा की लावून? मोठी झाडं बहुतेक आंध्रातल्या कडियमहून येतात, राजमुंद्रीजवळचा तो नर्सऱ्यांचा पट्टा. तिथून कोल्हापूर, मग घाट उतरून खाली. तुमच्या पाणंदीत ट्रक वळणार नसेल तर वाटेत टेम्पोत माल बदलायचा. उतरवायला हायड्रा क्रेन लागणार, आणि ती नुसती उभी राहिली तरी भाडं चालू. रोपांवर जीएसटी नसतो, पण लावून देण्याच्या कामावर लागतो. मग मेलं तर बदलून देण्याची हमी असेल, तर तिचे पैसे आधीच त्या आकड्यात घातलेले असतात, कोणी फुकट हमी देत नाही. १६,००० मधून हे सगळं वजा केलं की झाडाच्या वाट्याला कदाचित निम्मेच उरतील. उलट तो भाव नुसता जागेवरचा असेल, तर तुमच्या दारात झाड उभं राहीपर्यंत तो बराच फुगणार. दोन्ही बाजूंना सात-सात धरली तर १४ झाडं. स्वस्त रोपांचे होतात ४,९००, मधल्यांचे ३०,८०० आणि मोठ्यांचे २,२४,०००. त्या सव्वादोन लाखांत भाडं आहे की नाही, हे लेखी घ्या.

कडियमच्या मालाची एक अडचण इकडे फार कमी लोक सांगतात. मुळांभोवतीचा गोळा असतो गोदावरीच्या गाळाचा, काळसर, चिकट. तो आपल्या तांबड्या किंवा रेताड मातीत जसाच्या तसा बसवला की भोवतालचं पाणी गोळ्यात शिरत नाही. मार्चमध्ये गोळा आक्रसतो, विटेसारखा कडक होतो, आणि तुम्ही आळ्यात ओतलेलं पाणी त्याच्या बाजूने सरळ खाली जातं. वरून आळं ओलं दिसतं, आत झाड तहानेने मरत असतं. असं झाड आलं तर मी गोळ्याच्या कडा पहारीच्या टोकाने हलक्या हाताने खरवडतो आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी बुडापाशी, गोळ्यावरच सोडतो.

आता तुमची जागा. पुढचा रेताड भाग आणि मागचा कातळ ही दोन वेगळी राज्यं आहेत, दोन्हीकडे एकच झाड लावू नका.

रेतीत पाण्याचा निचरा उत्तम, फक्त पाणी आणि खत काही टिकत नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तो पोटॅश धुऊन नेतो. मग पामच्या खालच्या, जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोकं करपतात. लोक म्हणतात रोग पडला आणि पानं छाटतात. झाड त्या जुन्या पानांतलंच पोटॅश ओढून नव्या पानाला पुरवत असतं, तेच तुम्ही कोयत्याने उतरवता. पूर्ण वाळून तपकिरी झाल्याशिवाय पामचं पान कापायचं नाही. ‘साफसफाई’ म्हणून पाच पानं ठेवून बाकी उडवलेली झाडं वादळात जास्त तगतात असंही कोणी सांगेल. माझ्या पाहण्यात तसं कधी आलेलं नाही.

खारा वारा ही तुमच्याकडची दुसरी गोष्ट. ४०० मीटरवर, मध्ये सुरूचं बन किंवा घरं असतील तर रॉयल पाम आणि फॉक्सटेल निभावून नेतात. सरळ उघडा समुद्र असेल तर जून-जुलैत वाऱ्याकडच्या पानांच्या कडा करपलेल्याच दिसतील. माड, शिंदी आणि ताड यांना त्या वाऱ्याची काही पडलेली नाही. त्यातला ताड फक्त बी पुरून, जागेवरच वाढवायचा. त्याचं मूळ आधी खोल जातं, मग वर कोंब दिसतो, त्यामुळे उपटून आणलेला ताड म्हणजे पैसे पाण्यात. तो नातवंडांसाठी लावायचा असतो. लिपस्टिक आणि लेडी पाम त्या वाऱ्यात नकोतच, घराच्या आडोशाला कुंडीत ठेवा.

कातळातला खड्डा मात्र जपून. ब्रेकर लावून तीन बाय तीनचा खड्डा काढला, बाहेरून लाल माती आणून भरली, झाड लावलं, सगळं छान दिसतं. आणि जुलै आला की तो खड्डा म्हणजे हौद होतो. २०१४ साली मिठबावच्या बाजूला मी असे सहा फॉक्सटेल लावले होते. ऑगस्टपर्यंत पानं हिरवीगार. गणपतीच्या सुट्टीहून परतलो, माझ्या गड्याने सवयीने एकाचा मधला कोंब धरून ओढला आणि म्हणाला, ‘भाऊ, कोंब हातात इलो.’ बुडाशी काळा, चिकट, कुबट वासाचा. पामला वाढीचं ठिकाण एकच, तो मधला कोंब. तो गेला की झाड गेलं, मग भोवतीची पानं अजून दोन महिने हिरवी राहिली तरी. सहापैकी चार गेले. चूक माझी होती, खड्ड्याला उताराकडे पाण्याची वाट ठेवली नव्हती. आता कातळात काम असलं की मी आधी खड्डा पाण्याने काठोकाठ भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो. पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूला कातळात चर मारल्याशिवाय झाड आणत नाही. हीच परीक्षा तुम्ही पुढच्या खेपेला करून बघा, दोनच खड्ड्यांवर.

माड लावणार असाल तर खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, आणि तळाशी नारळाची सोडणं, खोलगट बाजू वर करून, दोन-तीन थर. उन्हाळ्यात ती ओल धरून ठेवतात. जांभ्याच्या खड्ड्यात माड लावायच्या सहा महिने आधी दोन किलो खडेमीठ टाकलं तर जांभा भुसभुशीत व्हायला मदत होते. हे माडापुरतंच, बाकी पामच्या खड्ड्यात मीठ घालू नका.

घराजवळ पाम म्हटलं की भिंतीला तडे जातील का, हा प्रश्न येतोच. पामची मुळं दोरीसारखी असतात. माडाचं मूळ करंगळीएवढं निघतं आणि जन्मभर करंगळीएवढंच राहतं, वड-पिंपळासारखं जाडावून जोतं उचलत नाही. गळक्या शौचटाकीत मात्र ती बिनबोभाट शिरतात. त्यापेक्षा वरून पडणाऱ्या वस्तूंची चिंता करा. माड ओटीपासून आणि गाडी लावायच्या जागेपासून किमान २५ फूट लांब हवा. रॉयल पामचं पान वाळलं की आपोआप गळतं, साफसफाईचा त्रास नाही हा त्याचा गुण. पण ते पान दहा-बारा फूट लांब असतं, बुडाशी जाडजूड, आणि उंचावरून पडलं की गाडीचा बॉनेट आत जातो. विजेच्या तारेखाली तर लावूच नका. पामचा शेंडा छाटून त्याला बुटकं ठेवता येत नाही. शेंडा कापणं म्हणजे त्याला मारणंच.

मग तुमच्या त्या रस्त्याच्या कडेला काय? इथे ‘महिन्यातून एकदा’ मध्ये येतं.

पोफळीची रांग दिसायला सगळ्यांत सुंदर, आणि रोपही स्वस्त. पण तिला लहानपणी सावली लागते, नैर्ऋत्येचं ऊन खोडाला लागलं तर खोड भाजतं, आणि उन्हाळ्यात पाणी चुकलेलं चालत नाही. आगरात, म्हणजे पाण्याखालच्या बागेत, केळीच्या आडोशाला, रोज शिंपणारं माणूस असेल तर पोफळ. बंद घरापुढे उघड्यावर नाही. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या आगरांत पोफळी कशा आडव्या केल्या ते बघितल्यावर, उघड्या जागी एकट्यादुकट्या पोफळी उभ्या करायला माझं मन धजत नाही.

भेरली माड आपला, रानातला. झालर लावल्यासारखी पानं, वर्षभर शोभा. पण तो एकदा वरून खाली फुलत यायला लागला की समजायचं, निघाला. शेवटचा घोस खाली आला की झाड वाळतं. त्याची फळं हाताळली तर अंगाला भयंकर खाज सुटते. अंगणात मुलं खेळणार असतील तर कोपऱ्यात एखादा ठीक, रांग नको.

माड रांगेत लावावा का? रस्त्यावर नको, वर सांगितलं ते नारळ पडण्याचं कारण. शिवाय माड म्हणजे नुसतं झाड नव्हे, संसार आहे. दीड-दोन महिन्यांनी नारळ उतरवणारा पाडेली बोलवावा लागतो, तो आज येतो म्हणाला की चार दिवसांनी येतो. वानरं शहाळी फोडतात. रोपाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरला की नवं पान कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी निघतं. जवळ शेणखताचा उघडा ढीग आणि कुजकी झापं असली की हा भुंगा तिथेच वाढतो. लहान माडाच्या पानांच्या बेचक्यात तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकायची, दर ४५ दिवसांनी बदलायच्या. तुमच्या महिन्याच्या खेपेत हे सहज बसतं, म्हणून तीन-चार माड जरूर लावा, समुद्राकडच्या रेताड कोपऱ्यात, एकमेकांपासून २५ फुटांवर. रोप ९ ते १२ महिन्यांचं, पाच-सहा पानांचं, बुंधा चांगला जाडजूड.

रस्त्यासाठी मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. दोन्हीकडे रांग न लावता एकाच बाजूला, तारेपासून लांब, मधल्या भावातले पाच-सहा रॉयल पाम, १२ ते १५ फुटांवर. समोरच्या बाजूला गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, त्या पिवळसर देठांच्या अरेका पामची दाट झुबकी, ती वाढेपर्यंत मधे जास्वंद. १४ मोठ्या झाडांचे पैसे वाचले, त्यातून प्रत्येक खड्डा नीट करायचा, बोअरला टायमर लावून ठिबक टाकायचं, आणि गावातल्या एका माणसाला फेब्रुवारी ते मे पगार द्यायचा. टायमर एकटा पुरत नाही, वीज दोन दिवस गेली की कळणार कोणाला? पाच वर्षांनी हे मधले पाम आणि आज आणलेले सोळा हजारी यांत डोळ्यांना फार फरक राहत नाही. मोठं उपटलेलं झाड पहिली दीड-दोन वर्षं मुळं भरून काढण्यातच घालवतं, लहान तोवर त्याला गाठत येतं.

अपवाद आहेत. पुढच्या डिसेंबरात घरी लग्न आहे, किंवा जागा होमस्टेला द्यायची आहे आणि फोटो आत्ताच हवेत, तर मोठी झाडं घेण्यात चूक नाही. तेव्हा फाटकाशी दोनच मोठी घ्या, बाकी लहान. मोठी आणलीत तर आधार बांबूचे किंवा फळ्यांचे, खोडाला आधी गोणपाट गुंडाळून, दोरीने. खोडात खिळा मारू देऊ नका. पामची जखम भरून येत नाही, ते भोक जन्मभर तसंच राहतं आणि खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला आयतं दार मिळतं. आधार पहिल्या पावसानंतर लगेच काढायची घाई नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा माझ्या एका कामावर आधार काढलेली तीन झाडं आडवी झाली, आधार असलेली उभी राहिली. आणि झाड जितकं खोल नर्सरीत होतं तितकंच पुरायचं, पक्कं उभं राहावं म्हणून एक फूट जास्त खोल घालणारे मुकादम असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

नर्सरीत गेल्यावर झाड कसं बघायचं, एवढं सांगून थांबतो. मधला न उमललेला कोंब सरळ, ताठ, हिरवा हवा. चिमटीत धरून हलकेच ओढा, सुटता कामा नये. मग पिशवी किंचित कलती करून खाली बघा. मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली असतील तर ते रोप उचलताना निम्मी मुळं तिथेच राहणार. भाव कमी करून मागा किंवा शेजारचं घ्या. खोड धरलेलं असेल तर त्यावरची वलयं बघा. एकेक वलय म्हणजे गळालेल्या एकेका पानाची खूण. वलयं दूर-दूर म्हणजे झाड सुखात वाढलं. मधेच खूप जवळ-जवळ आली आणि खोड एकदम कमरेत बारीक झालं, तर त्या वर्षी ते उपाशी किंवा तहानलेलं होतं. रॉयल पामला मधे हलकं पोट असतंच, ते सावकाश येतं आणि सावकाश जातं, त्याला घाबरू नका. एकदम आवळलेली कंबर मात्र कधीच भरून येत नाही आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडतं.

लावायची वेळ: रेताड भागात मृगाचा पाऊस स्थिरावला की लगेच, म्हणजे चार महिने पाणी देवाचं. कातळातल्या खड्ड्यांत पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या शेवटी. खड्ड्यांची पाण्याची परीक्षा झाली की किती वेळात पाणी उतरलं ते कळवा, आणि त्या तिसऱ्या नर्सरीवाल्याने ‘नुसतं खोड किती फूट’ला काय उत्तर दिलं तेही.